घर, गोठा आणि परसबाग

चैत्र-वैशाखात आपण गोदाकाठच्या गारव्यात व्याख्यान ऐकायला जमतो, त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातील लहान शेतकऱ्याच्या घरी वर्षातला सर्वांत कठीण हिशेब चाललेला असतो. कडबा किती उरला, पाऊस किती लांब आहे आणि तोवर गाय ठेवायची की तिला बाजार दाखवायचा, हा तो हिशेब होय. एक गाय, चार शेळ्या, काही कोंबड्या आणि घरामागची परसबाग हा संसार वरवर साधा दिसतो. परंतु त्यातले प्रत्येक अंग दुसऱ्यावर टेकलेले असते, आणि एक काढले की बाकीची डळमळू लागतात. हे कसे घडते, ते ऋतुक्रमाने पाहू.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे, कारण आपला जिल्हा एकसारखा नाही. पश्चिमेला इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागात पाऊस कोसळतो. तेथे भात, नागली, वरई ही पिके आणि डांगी गाय. या गाईच्या कातडीतून तेलकट द्रव झिरपतो, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे व टणक असतात. पूर्वेला निफाड, येवला येथे पाऊस बेताचा. तेथे कांदा आणि द्राक्षे यांचे राज्य. शेजाऱ्याने ठेवलेले जनावर आपल्याला मानवेलच असे नाही, हा या भूगोलाचा पहिला धडा आहे.

आता वैशाखाचा हिशेब. सुमारे 300 किलो वजनाच्या गाईला दिवसाला 6 ते 7 किलो कोरडा चारा लागतो. फाल्गुनापासून हिरवे गवत वर येईपर्यंत 120 दिवस धरले, तर एका गाईला 700 ते 850 किलो वैरण हवी. टंचाईच्या वर्षी सगळेच जनावरे विकायला काढतात, म्हणून भाव पडतात. पाऊस पडल्यावर तीच गाय परत घ्यायची म्हटले तर दाम चढलेला असतो. म्हणून गाय ठेवायची की नाही, हे वैशाखात ठरवण्याजोगे नाही. ते आदल्या दिवाळीला ठरवायचे असते. त्या वेळी हिरवा मका असेल, तर तो दाणा चिकात असताना कापून, कुट्टी करून, हवा राहणार नाही असा दाबून झाकावा. साधारण दीड महिन्यात मूरघास तयार होतो आणि उन्हाळ्यात कामी येतो.

याच दिवसांत उकिरडा उपसून खत शेतात जाते. येथे आमची स्वतःची एक चूक सांगतो. एके वर्षी घाई करून आम्ही कच्चे शेण वांग्यांना घातले. पावसाळ्यात हिरवीगार रोपे एकेक करून माना टाकू लागली. उपटून पाहिले तर मुळ्या खाल्लेल्या आणि मातीत पांढरी हुमणी! कच्च्या शेणाकडे भुंगेरे ओढले जातात, तेथे अंडी घालतात आणि अळ्या मुळांवर जगतात. खत नीट कुजले, म्हणजे हा धोका पुष्कळ कमी होतो. पहिल्या पावसानंतर हे भुंगेरे तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते गोळा करून मारले, तर पुढची पिढी कमी होते.

मृगापूर्वीच घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी टोचून घेतल्या पाहिजेत. फऱ्याचे जंतू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि लसीचा गुण यायला दोनतीन आठवडे लागतात. साथ आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. शेळ्यांना पहिले कोवळे गवत पोटभर चरू देणे हेही घातक असते. त्यातून आंत्रविषार होतो. 2022 साली लंपी त्वचारोगाची साथ पसरली तेव्हा जनावरांचे बाजारच बंद ठेवावे लागले. विकायचे ठरवूनही विकता न आल्याचा अनुभव पुष्कळांनी त्या वर्षी घेतला.

पावसाळ्यात परसबागेचा भर वेलींवर असतो. मांडवावर दोडका, कारले, घोसाळे, आणि न्हाणीच्या पाण्यावर अळू व केळ. शेळी आणि बाग यांचे मात्र कधी जमत नाही; तेव्हा कुंपण आधी, रोपे नंतर. पोळा होतो, वसुबारस येते, आणि थंडीबरोबर मेथी, कोथिंबीर, लसूण यांचे वाफे भरतात. निफाडकडे थंडी चांगलीच झोंबते. कोंबड्या या दिवसांत अंडी कमी देतात. थंडीपेक्षा याला लहान दिवस अधिक कारण असतो, कारण अंडी देण्याचा संबंध उजेडाच्या तासांशी आहे. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, तर 21 दिवसांनी पिले निघतात.

कांद्याविषयी एक इशारा देणे आवश्यक वाटते. भाव कोसळला की कांदा बांधावर फेकला जातो आणि गाय तो आवडीने खाते. कांद्यातील काही द्रव्ये तिच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. लघवी तांबूस होते, जनावर थकते, प्रसंगी दगावते. गाईला हे विशेष बाधते. तेव्हा फेकलेला कांदा गुरांपासून दूर ठेवावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नुसत्या दुधाचा जमाखर्च मांडला, तर लहान घरची गाय बहुधा तोट्यात दिसेल. पण शेण कोठल्या रकान्यात लिहायचे? त्याच्यावर बाग उभी आहे, बागेतला पाला शेळ्यांकडे जातो, सांडलेले दाणे आणि किडे कोंबड्या वेचतात. ट्रॅक्टर आला, बैल गेले. त्याबरोबर घरचा उकिरडाही आटला आणि खत विकत आले. सर्वांनी गाय ठेवावीच असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्याकडे चारा नाही, त्याने हट्टाने ठेवली तर हाल मुक्या जनावराचे होतात. आमचे सांगणे इतकेच, की विकण्यापूर्वी हिशेब पुरा मांडावा, आणि तो वैशाखाच्या उन्हात न मांडता कार्तिकात, कडब्याची गंज डोळ्यांसमोर असताना मांडावा.