हेडलाइटचा गार्ड विकताना त्याचा ऐबही सांगा

आपल्या बिरादरीतील कितीतरी घरांची रोजी आज मोटारसायकलवर चालते. कोणी गॅरेज चालवतो, कोणी सीट कव्हर शिवतो, कोणी वेल्डिंग करतो, कोणी ॲक्सेसरीजचे दुकान लावून बसला आहे. आमच्यासारखे कापडवाले तर गाडीच्या मागे गठ्ठे बांधूनच बाजार करतात. म्हणून आज एका लहानशा मालाबद्दल लिहीत आहोत. तो माल म्हणजे हेडलाइटचा गार्ड. कोणी त्याला जाळी म्हणतो, कोणी प्रोटेक्टर.

माल खोटा नाही, हे आधी सांगून टाकतो. एरंडोल हे सुरतेहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे गाव. या महामार्गाचा जुना क्रमांक ६, आता ५३. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा हेडलाइटवर बसला की नुकसान ठरलेले. आता अनेक गाड्यांत नुसती काच बदलून भागत नाही, पूर्ण युनिट घ्यावे लागते. तेव्हा गिऱ्हाईक गार्ड मागतो, यात त्याचे चूक नाही.

पण या मालात एक ऐब आहे, आणि तो विकत घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. कारण गिऱ्हाईक दिव्याच्या मागे बसतो. त्रास होतो समोरून येणाऱ्याला. त्याने ना गार्ड विकत घेतला, ना तुमच्या दुकानाचे तोंड पाहिले. तो तक्रार कोणाकडे करणार? महामार्गावर जिथे दुभाजक आहे तिथे हा त्रास कमी होतो. पण धरणगाव, कासोदा, म्हसावद या बाजूंच्या रस्त्यांवर मगरिबनंतर दोन्हीकडची वाहने समोरासमोरच येतात. कापसाच्या हंगामात भरलेली बैलगाडी रस्त्याच्या कडेने चाललेली असते, तिला मागे दिवा नसतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर कापते. डोळे दोन सेकंद दिपले तर २८ मीटर रस्ता आंधळेपणाने गेला. ज्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला आहे त्याला तर दोन सेकंदही पुरत नाहीत.

गार्डामुळे असे का होते, हे मिस्त्री मंडळींनी नीट समजून घेतले पाहिजे. हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक लहान वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते. वर गेलेला प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावर आपटून खाली रस्त्यावर पडतो. कंपनीने एवढी मेहनत घेतली ती प्रकाशाने समोरच्याच्या डोळ्यांची उंची गाठू नये म्हणून. आपण त्याच्यापुढे काहीतरी ठोकतो आणि ही सारी मेहनत विस्कटते.

लोखंडी किंवा स्टीलच्या जाळीचे उदाहरण घ्या. सळई आडवी आणि गोल असेल तर तिला लागलेला प्रकाश वर आणि खाली फाकतो. वरचा भाग सरळ समोरच्याच्या डोळ्यात. सळई उभी असेल तर तोच प्रकाश डाव्या-उजव्या बाजूला फाकतो, वर फारसा चढत नाही. म्हणून वेल्डिंग करणाऱ्या बांधवांनी जाळीत आडव्या सळया कमीत कमी ठेवाव्यात. दुसरे म्हणजे चमक. गिऱ्हाइकाला क्रोमची झळाळी आवडते, हे आम्ही जाणतो. कापडातही साटनकडेच हात आधी जातो. पण साटनच्या ताग्यावर दिवा धरला तर चमक उलटून येते, मांजरपाटावर येत नाही. जाळीची बाहेरची बाजू हवी तर चमकती ठेवा. दिव्याकडची बाजू आणि सळईच्या कडा मात्र बिनचमकीच्या काळ्या रंगाने मारा. चमकता ऑइल पेंट चालणार नाही. या रंगाला खर्च किती येतो, हे मिस्त्री लोकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. यामुळे गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यावर उलटून येणारी चमकही जाते.

प्लास्टिकच्या पारदर्शक गार्डाची गोष्ट वेगळी. नवा, सपाट आणि स्वच्छ गार्ड प्रकाशाची दिशा बदलत नाही, फक्त ८ ते १० टक्के प्रकाश खातो. पण फुगीर, कमी-जास्त जाडीचा स्वस्त माल प्रकाश वाकडा करतो. चांगला मालही सहा महिने धूळ खाऊन, चरे पडून धुरकट होतो. प्रत्येक चरा प्रकाश चारही दिशांना उडवतो. पॉलिकार्बोनेटवर चांगला थर दिलेला नसेल तर ते उन्हाने पिवळे पडते. मग गिऱ्हाईक म्हणतो, “मिस्त्री, लाइट कमी पडतोय.” अशा वेळी काय होते? कोणी दिवा वर उचलून देतो, कोणी ३५ वॅटच्या जागी ६० वॅटचा बल्ब घालतो, कोणी पांढराशुभ्र एलईडी बसवतो. खराब झाला होता गार्ड, आणि इलाज केला बल्बचा! जास्त वॅटच्या उष्णतेने होल्डर, वायर आणि प्लास्टिक यांना धोका होतो तो वेगळाच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट दिवसाही चालू राहतात, त्यामुळे बल्बची आच प्लास्टिकला दिवसभर लागते.

काहीजण हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळी पट्टी लावतात. ट्रकवर ही पद्धत जुनी आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे डिपरचा प्रकाश येतो तोच मुळी वरच्या भागातून. पट्टीने डिपर मरतो, मग माणूस अपरवरच गाडी चालवतो. आमच्या मते हा इलाज सोडून द्यावा.

गार्ड बसवल्यावर तपासणी केल्याशिवाय गाडी देऊ नये. सपाट जागेवर भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करा. चाकात हवा बरोबर असावी, गाडीवर माणूस बसलेला असावा. हेडलाइटचा मध्य जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारा. डिपरचा वरचा काठ या रेघेच्या चार-पाच बोटे खाली पडला पाहिजे. आधी गार्ड काढून पाहा, मग लावून पाहा. लावल्यावर रेघेच्या वर धुके पसरल्यासारखा उजेड दिसला तर तो गार्ड समोरच्याच्या डोळ्यांसाठी आहे असे समजा. जो फेरीवाला मागे गठ्ठे बांधतो त्याची गाडी गठ्ठ्यासकट उभी करा. मागचा भाग दबला की दिवा आपोआप आकाशाकडे पाहू लागतो.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ व्या नियमाप्रमाणे, दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना दिपवणारा दिवा वापरता येत नाही. पण आपल्याला पोलिसाची वाट पाहण्याचे कारण काय? मालातला ऐब लपवून विकू नये, हे आपल्या व्यापाराचे पहिले वळण आहे. रस्त्यातली त्रासाची वस्तू बाजूला करणे हा तर आपल्याकडे ईमानचाच एक हिस्सा मानला जातो. तेव्हा गार्ड देताना दुकानदाराने दोन वाक्ये जरूर बोलावीत: हा दर आठवड्याला पुसावा लागेल, आणि धुरकट झाला की बदलावा लागेल. यात गिऱ्हाईक तुटत नाही. उलट बदलायला तो तुमच्याकडेच येईल.

पुसण्याबद्दल एक शब्द, कारण हा आमच्या धंद्यातला विषय आहे. गॅरेजमधले पेट्रोल किंवा थिनर लावलेले फडके प्लास्टिकला कधीही लावू नका. त्याने बारीक तडे जातात आणि गार्ड कायमचा धुरकट होतो. कोरडे फडकेही नको, धुळीचे कण घासून चरे पडतात. आधी पाण्याने धूळ उतरवावी, साबणाचे पाणी लावावे, मग अनेकदा धुतलेल्या जुन्या मलमलच्या तुकड्याने हलक्या हाताने टिपावे. टेरीकॉटचा तुकडा पाणी शोषत नाही, तो घेऊ नये. दिवा आणि गार्ड यांच्या मधल्या फटीतली धूळ बहुतेक जण विसरतात, म्हणून गार्ड सहज काढता येईल असाच बसवावा.