भेटीची रक्कम वाटेत का घटते?

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला, बहिणीला किंवा भाचीला भेट म्हणून भारतातून पैसे पाठवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या 'लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम' या योजनेने दिलेली असून, २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झालेल्या या योजनेखाली निवासी व्यक्तीला आज एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. बँकांच्या आणि ऑनलाइन सेवांच्या जाहिरातींत मात्र 'नाममात्र शुल्क' किंवा 'शून्य शुल्क' हे शब्द ठळक असतात आणि खर्चाचा मोठा वाटा भलत्याच ठिकाणी दडलेला असतो.

ते ठिकाण म्हणजे विनिमय दर. बँका आपसांत ज्या दराने चलनाची देवघेव करतात तो बाजारदर आणि ग्राहकाला लावला जाणारा दर यांत फरक असतो, व हा फरक म्हणजेच सेवा देणाऱ्याची कमाई होय. पण पावतीवर ती 'शुल्क' या नावाने येत नसल्यामुळे ग्राहकाच्या ध्यानात येत नाही. समजा, बाजारदर डॉलरला ८५ रुपये असताना सेवेने ८७ रुपये लावले, तर १,००० डॉलरच्या भेटीमागे २,००० रुपये तिथेच गेले. त्यावर ५०० रुपये जाहीर शुल्क आणि त्या शुल्कावरील १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये येतात. शिवाय चलन बदलण्याच्या सेवेवरही जीएसटी आहे. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे त्या सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे या उदाहरणात सुमारे १५७ रुपये.

एवढ्यावरही हिशेब संपत नाही. दोन देशांतील बँकांचे एकमेकींकडे थेट खाते नसेल, तर रक्कम तिसऱ्या, मध्यस्थ बँकेमार्फत जाते आणि ती बँक आपले शुल्क रकमेतूनच कापून घेते. तिने १५ डॉलर कापले, तर भाचीच्या खात्यात ९८५ डॉलर पडतात. पाठवणाऱ्याचे ८७,७४७ रुपये गेले आणि बाजारदराने पोहोचले ८३,७२५ रुपयांचे डॉलर. या ४,०२२ रुपयांच्या तफावतीत 'शुल्क' म्हणून ठळकपणे सांगितलेले होते फक्त ५०० रुपये! सर्व शुल्के पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय अनेक बँकांत असतो, पण तो आरंभीच निवडावा लागतो.

मोठ्या भेटीत आणखी एक वजावट दचकवते. एप्रिल २०२५ पासून, आर्थिक वर्षात एकूण दहा लाख रुपयांहून अधिक रक्कम पाठवल्यास भेटीच्या बाबतीत वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केला जाणारा कर, घेतला जातो. हा खर्च नव्हे, कारण विवरणपत्र भरताना तो प्राप्तिकरातून वळता करता येतो किंवा परत मिळतो. तोवर पैसा अडकून राहतो एवढेच.

अमेरिकेतून बाहेर पैसे पाठवणाऱ्यांना दर, शुल्के आणि प्रत्यक्ष पोहोचणारी रक्कम आधीच लेखी सांगण्याचे बंधन तिथल्या कायद्याने २०१३ पासून घातले आहे, आणि ते रास्तच आहे. भारतातून भेट पाठवणाऱ्यानेही शुल्काची चौकशी करत न बसता, खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि समोरच्या खात्यात नेमके किती डॉलर पडणार, हे दोन आकडे 'पाठवा' हे बटण दाबण्यापूर्वी मागून घ्यावेत व दोन-तीन सेवांची तुलना त्यांवरूनच करावी.