लेकीच्या हाती कोणता कागद?

सीमाभागात राहणाऱ्या आम्हां निपाणीकरांना रहिवासाच्या दाखल्याचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु अमेरिकेत दिलेल्या लेकीच्या दाखल्याची चौकशी आम्ही क्वचितच करतो.

अमेरिकी नागरिकाशी वा कायम रहिवाशाशी झालेल्या विवाहाच्या आधारे ग्रीन कार्ड मिळतेवेळी विवाहास दोन वर्षे झाली नसतील, तर ते सशर्त असते व दोनच वर्षे चालते. हा निर्बंध १९८६ च्या कायद्याने आला. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करावयाचा असतो. तत्पूर्वी घटस्फोट झाला तर? हक्क आपोआप बुडत नाही. विवाह प्रामाणिकपणे झाला होता, हे दाखवून तिला एकटीला अर्ज करता येतो. छळ झाला असल्यास घटस्फोटाआधीही. दहा वर्षांचे कार्ड तर केवळ घटस्फोटाने रद्द होत नाही.

मात्र एच-४ व्हिसावर गेलेल्या पत्नीचा आधार पतीचा व्हिसाच असतो. विवाह संपला की तो सुटतो.

म्हणून संयुक्त बँकखाते, घरभाड्याचा करार, छायाचित्रे यांच्या प्रती लेकीने स्वतःजवळ ठेवाव्यात. पाठवणीला आम्ही सोने तोलून देतो. तिच्या हाती कोणता कागद पडणार, हेही तितक्याच काळजीने विचारावयास हवे.