मोड घालण्याआधी

२०२५च्या एप्रिलमध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडला आणि लग्नघरांत एक विचार बळावला: नवे परवडत नाही, तर आजीचे मोडू. तुडीलसारख्या गावातून महाडच्या सराफाकडे निघालेल्या डब्यात बोरमाळ असते, ढिली झालेली ठुशी असते, हातात न चढणाऱ्या पाटल्या असतात. यातले बरेचसे आटवायची गरजच नसते.

बोरमाळच घ्या. तिचे मणी पोकळ. पातळ पत्रा चेपू नये म्हणून आत लाख भरलेली. काटा दाखवतो ते सोने आणि लाख मिळून वजन. मुशीत लाख जळते, जुन्या डागांमुळे, म्हणजे सांध्यांच्या जोडकामामुळे, कस उतरतो आणि मनात धरलेले सोने हातात येत नाही. मोडीत जुन्या घडणावळीचे मोल शून्य, नव्या दागिन्याची मात्र पूर्ण मोजायची. मणी जितका नाजूक, तितका हा सौदा तोट्याचा.

मोडीचे पुढे काय होते, ती कथा अस्सल मराठी आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक देशभरातल्या सराफ बाजारांत जुने सोने शुद्ध करतात. त्यांची रीत ऐकताना उलटी वाटते. शुद्ध करायच्या सोन्यात आधी चांदी मिसळतात, इतकी की मिश्रणात सोने साधारण चौथा हिस्सा उरावे. मग ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात सोडतात. चांदी आणि तांबे विरघळते, तळाशी तपकिरी चुरा राहतो. तो वितळवला की पिवळेधमक सोने. विरघळलेली चांदीही परत काढून घेतात. सोने वितळायला १,०६४ अंश सेल्सिअस लागतात. त्या धगीपुढे आणि आम्लाच्या वाफेत माणदेशाकडच्या माणसांनी पिढ्या घालवल्या, परमुलखात पेढ्या उभ्या केल्या. कोरडवाहू शेतीने हाकलले म्हणून शिकलेले हे कसब थोर आहे. तरीही मुशीत गेलेली ठुशी त्यांनाही परत देता येत नाही.

म्हणून आधी जावे ते गाठवणाऱ्याकडे. रेशमात मणी ओवणे, गाठ मारणे, गोंडा बांधणे हे पटवेकऱ्यांचे काम. ठुशी ढिली झाली की बहुतेक वेळा सोने नव्हे, दोरा झिजलेला असतो. पुराचे गढूळ पाणीही आधी दोराच कुजवते, सोन्याला काही होत नाही. जुलै २०२१च्या पुरानंतर महाडकरांना हे वेगळे सांगायला नको. लांब बोरमाळेच्या दोन आखूड माळा होतात, दोघी बहिणींना एकेक. पुतळ्यांच्या माळेतल्या पाच-सात पुतळ्या काळ्या मण्यांत ओवल्या की रोजचे मंगळसूत्र तयार. कान वर टोचलेला नसेल तर बुगडीला कडी लावून पेंडंट करावे. पाटलीला बिजागरी आणि पेच बसवला की ती उघडून घालता येते.

सांध्याचे मात्र ठासून विचारावे. जुन्या ‘केडीएम’ दागिन्यांच्या डागात कॅडमियम असते. ते ७६७ अंशांना उकळते आणि पुन्हा आच दिली की त्याची विषारी वाफ कारागिराच्या फुप्फुसात जाते. मोत्याला आच, आम्ल आणि अल्ट्रासॉनिक सफाई तिन्ही वर्ज्य. नथ दुरुस्तीला देताना मोती उतरवूनच द्यावी. लाल खडा माणिकच आणि खाणीतलाच असेल असेही धरू नये. फ्रान्सच्या व्हर्नुइलने प्रयोगशाळेतल्या माणकाची कृती १९०२ मध्येच जाहीर केली होती.

महाडच्या खाडीपट्ट्यातल्या घरांत आणखी एक पेच असतो. आखातात नोकरी केलेल्यांनी आणलेल्या दागिन्यावर अनेकदा ८७५चा शिक्का दिसतो, म्हणजे २१ कॅरेट. आपल्या हॉलमार्कच्या प्रतींत ९१६ आहे, ८३३ आहे, ८७५ नाही. दुकानात तो दागिना २० कॅरेट धरला गेला, तर दहा ग्रॅममागे ०.४२ ग्रॅम शुद्ध सोने हिशेबातून जाते. लाखाच्या भावाने ते ४,२०० रुपये होतात.

दागिन्याचे रूप पालटण्यात गैर काही नाही. बडोद्याच्या महाराणी सीतादेवी गायकवाड यांचे पाचू-हिऱ्यांचे पैंजण न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी १९५३ मध्ये घेतले आणि त्यांतल्या खड्यांचा हार घडवला. तो डचेस ऑफ विंडसर यांच्या गळ्यात गेला. १९५७ च्या एका मेजवानीत सीतादेवींनी हे खडे ओळखले आणि ते आपल्या पायांत शोभत होते असे बोलून दाखवले, त्यावर डचेसने हार परत पाठवला, असा किस्सा सांगितला जातो. तिथे कोंदण बदलले, खडे शाबूत राहिले. चांगल्या कारागिराने घरगुती दागिन्यालाही हाच न्याय लावावा.

मोडायचेच ठरले, तर बीआयएस मान्यताप्राप्त केंद्रात आधी कस तपासून घ्यावा. घरातल्या चार नगांपर्यंतच्या तपासणीचे शुल्क साधारण २०० रुपये आहे. दुकानातले कॅरेट मशीन फक्त पृष्ठभाग वाचते, जाड मुलामा त्याला चकवतो. दुरुस्तीला देतानाही दागिन्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत; वजन, मण्यांची आणि मोत्यांची संख्या पावतीवर लिहून घ्यावी, आणि काम झाल्यावर तुटके दुवे, उरलेले मणी, काढलेली कडी मागून घ्यावी. तेही सोनेच असते.