नकाशा काढायला शिकूया: क्यूजीआयएसची पहिली ओळख



शाळा सुरू झाली की आपण सगळेच विद्यार्थ्यांचा एक तक्ता भरतो. त्यात एक रकाना असतो, 'घरापासून शाळेचे अंतर'. खरं सांगतो, मी हा रकाना कित्येक वर्षं पालकांना विचारून, नाहीतर अंदाजानेच भरला. नाकाडोंगरीच्या आसपासच्या टोल्यांवरून येणारी पोरं, लिहा 'एक किलोमीटरच्या आत'! झालं काम.

पण शिक्षण हक्क कायद्याच्या आपल्या राज्यातील नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांना ३ किलोमीटरच्या आत मिळायला हवी. म्हणजे या एका आकड्यावर त्या मुलाचा हक्क अवलंबून आहे. मग तो अंदाजाने कसा चालेल? म्हणून मी संगणकावर नकाशा काढायला शिकलो. जे समजलं ते सोप्या भाषेत सांगतो.

कोणते सॉफ्टवेअर?

मी क्यूजीआयएस वापरतो. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते सुरू केले. आज जगभरातील स्वयंसेवक ते सांभाळतात. ते पूर्ण मोफत आहे, साध्या संगणकावरही चालते. एकदा डाउनलोड केले की बरेचसे काम इंटरनेटशिवाय होते.

नकाशा म्हणजे एक चित्र नव्हे

फळ्यावरचा नकाशा हे एक चित्र असते. संगणकावरचा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. एका कागदावर रस्ते, दुसऱ्यावर नाले, तिसऱ्यावर घरे. प्रत्येक कागदाला 'लेयर' म्हणजे थर म्हणतात. हवा तो थर दाखवा, नको तो लपवा.

थरावर तीनच प्रकारचे आकार काढता येतात:

१) बिंदू: घर, शाळा, हातपंप
२) रेषा: पांदण, नाला, डांबरी रस्ता
३) बहुभुज: तलाव, बोडी, धानाची बांधी, गावठाण

प्रत्येक आकारामागे एक तक्ता असतो. हातपंपाच्या बिंदूमागे 'पाणी उन्हाळ्यात आटते का?' हा रकाना ठेवता येतो. म्हणजेच नकाशा = जागा + माहिती. हे एक समीकरण पक्के झाले की अर्धे सॉफ्टवेअर समजले.

जागेचा पत्ता: अक्षांश आणि रेखांश

नाकाडोंगरीचा परिसर साधारण २१.५ अंश उत्तर अक्षांश आणि ७९.७ अंश पूर्व रेखांश यांच्या जवळपास येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांमध्ये आपला भाग '५५ ओ' या क्रमांकात सापडतो.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर चार अंक लिहिले की आपण जवळपास ११ मीटरपर्यंत अचूक होतो. म्हणून आकडा '२१.५' असा तोडू नका, पूर्ण लिहा.

इतिहासातली एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. साखळ्या आणि अवजड थिओडोलाइट घेऊन माणसे वर्षानुवर्षे फिरली. १८२३ मध्ये लॅम्ब्टन यांचा मृत्यू आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला झाला. जागा ठरवायला तेव्हा एवढे कष्ट पडत. आज तेच काम आपल्या खिशातला मोबाइल काही सेकंदांत करतो.

चला, करून बघूया

१) मोबाइलमधील नकाशात घराच्या जागेवर बोट दाबून धरा. अक्षांश आणि रेखांश दिसतील, ते वहीत उतरवा.
२) एक्सेलमध्ये तीन रकाने करा: क्रमांक, अक्षांश, रेखांश. हे आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा. फाइल सीएसव्ही यूटीएफ-८ प्रकारात जतन करा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतील.
३) क्यूजीआयएस उघडा. डावीकडील ब्राउझरमध्ये 'एक्सवायझेड टाइल्स' खाली 'ओपनस्ट्रीटमॅप' आहे, त्यावर दोनदा क्लिक करा. पाया तयार. (एवढ्यासाठी मात्र इंटरनेट हवे.)
४) 'लेयर' मेनूमधून 'ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर' निवडून आपली फाइल जोडा. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश.

इथेच माझी पहिली फजिती झाली. मोबाइल आधी अक्षांश सांगतो, म्हणून मी तोच एक्समध्ये टाकला. आमची सगळी पोरं उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन बसली! बिंदू गावात दिसले नाहीत, तर आधी ही अदलाबदल तपासा.

दुसरी फजिती. शाळेभोवती १ किलोमीटरचे वर्तुळ काढायला मी 'बफर' घेतले आणि १ टाइप केले. वर्तुळाने नागपूर आणि गोंदिया दोन्ही पोटात घेतले. कारण थर अंशांमध्ये होता, म्हणून सॉफ्टवेअरने १ अंश समजून घेतला. उपाय असा: थरावर उजवे क्लिक करून तो नव्या नावाने जतन करा आणि प्रक्षेपण 'ईपीएसजी ३२६४४' निवडा. भंडारा जिल्ह्यासाठी हे चालते. यात माप मीटरमध्ये असते, मग १००० लिहा.

खरे अंतर कोणते?

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे घर वर्तुळाच्या आत होते. सरळ रेषेत ७८० मीटर. पण तो पाखरू थोडाच आहे? तो पांदणीने येतो, रपटा ओलांडतो. ही पांदण पायाच्या नकाशात नव्हतीच. मी नवा रेषा-थर केला आणि त्याच्यासोबत चालून वाट काढली. ९६० मीटर. आणि रोवणीच्या दिवसांत रपट्यावरून पाणी वाहते, तेव्हा तो डांबरी रस्त्याने फिरून येतो. ती दुसरी रेषा भरली १.९ किलोमीटर.

एकच घर, एकच शाळा, तीन अंतरे. मी मात्र तक्त्यात एकच आकडा लिहीत होतो, आणि पावसाळ्यात तो उशिरा आला की त्यालाच रागावत होतो.

तो नकाशा छापून मी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठेवला. पूल काही लगेच झाला नाही. पण पाणी असेल त्या दिवशी रपट्यापाशी कोणी मोठे माणूस थांबेल, एवढे पालकांनी ठरवले. तक्त्याकडे पाहून जे कधी कुणाच्या लक्षात आले नव्हते, ते दोन रंगांच्या रेषा पाहून पटकन समजले.

लक्षात ठेवा

सॉफ्टवेअरला फक्त आपण दिलेलेच माहीत असते. पांदण काढली नाही तर त्याच्या लेखी ती नाही. म्हणून नकाशा संगणकावर बसून सुरू करा, पण पूर्ण पायी फिरूनच करा.

आणखी एक. मुलांच्या घरांचा नकाशा कुठल्याही गटावर टाकू नका. तक्त्यात नावाऐवजी क्रमांकच लिहा.

वर्गासाठी उपक्रम

संगणक नसला तरी अडत नाही. मुलांना कागदावर आपली शाळेची वाट काढायला सांगा. पावसाळ्यातली वाट निळ्या रंगाने, उन्हाळ्यातली लाल रंगाने. दिशा आणि सूची त्यांनीच लिहावी. मग त्यांतली एक वाट तुम्ही क्यूजीआयएसमध्ये उतरवा. ज्या मुलाच्या कागदावर निळी रेषा लांब असेल, त्याच्यापासूनच सुरुवात करा.