सकाळची नाडी काय सांगते?

पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी ठाणे, कल्याण-डोंबिवलीची आपली मुले पहाटेच मैदान गाठतात. काहींच्या मनगटावर स्मार्टवॉच असते. त्यातला हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहातील चढउतार टिपतो व त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की आकडा चुकतो. धावतानाच्या आकड्यापेक्षा उठल्याउठल्या मिळणारा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो. रोज ६० असणारे ठोके दोन-तीन दिवस ६८ दिसले, तर थकवा भरून निघालेला नसेल, झोप अपुरी असेल किंवा ताप येऊ घातला असेल. अशा दिवशी हलकेच धावावे. भरती जवळ आली की मुले नेमके उलट करतात! घड्याळासाठी मात्र कर्ज काढू नये (हे बँकेतला माणूस सांगतो आहे). अंथरुणातच मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर ठोके मोजावेत व वहीत तारखेसह लिहावेत.