बी.ई.नंतर लेफ्टनंट व्हायचंय? आधी केटी काढा!

कॅम्पसचा सीझन सुरू झाला की होस्टेलवर एक प्रश्न हमखास निघतो, "यार, आर्मीत ऑफिसर व्हायला नक्की लागतं काय?" उत्तरं सगळी ऐकीव. कुणी म्हणतं एनडीए हुकली की विषय संपला, कुणी म्हणतं डिस्टिंक्शन पाहिजेच. म्हणून जरा नीट लिहितो.

खडकवासल्याचा रस्ता बारावीच्या मुलांचा. तो चुकला तरी डिग्रीवाल्यांसाठी वेगळे रस्ते आहेत, आणि फायनल इयरला असतानाच अर्ज करता येतो.

१) सीडीएस : यूपीएससीची ही लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. डेहराडूनची आयएमए आणि चेन्नईची ओटीए यांसाठी कुठल्याही शाखेची डिग्री चालते. नौदल अकादमीला मात्र इंजिनिअरिंगचीच डिग्री लागते. हवाई दल अकादमीला बारावीला फिजिक्स-मॅथ्स असलेली डिग्री किंवा बी.ई. चालते.

२) टीजीसी : खास आपल्यासाठी. लेखी परीक्षा नाही! अविवाहित मुलं, वय २० ते २७. ट्रेनिंग आयएमएमध्ये, आणि परमनंट कमिशन.

३) एसएससी टेक : हीसुद्धा लेखी परीक्षेविना. मुलं आणि मुली दोघांसाठी, वय २० ते २७. ट्रेनिंग ४९ आठवडे. नोकरी १० वर्षं, पुढे ४ वर्षं वाढू शकते.

४) एनसीसी एन्ट्री : 'सी' सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि डिग्रीला ५० टक्के असतील, तर लेखी परीक्षा माफ. वय १९ ते २५.

मग लेखी नाही तर निवड कशी? टीजीसी आणि एसएससी टेकमध्ये मार्कांवरून. प्रत्येक ब्रँचचा कटऑफ वेगळा लागतो. फायनल इयरवाल्यांचे सहाव्या सेमिस्टरपर्यंतचे मार्क धरतात. म्हणजे एफ.ई.ला केलेला टाइमपाससुद्धा इथे मोजला जातो! शिवाय शेवटी डिग्रीची टक्केवारी त्या कटऑफच्या खाली घसरली, तर निवड रद्द.

कटऑफ पार केला की एसएसबी. पाच दिवसांची ही परीक्षा रट्टा मारून पास होत नाही. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, त्यात बरेच जण परतीची गाडी पकडतात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची ग्रुप टास्क, मुलाखत आणि शेवटी कॉन्फरन्स. त्यानंतर मेडिकल आणि मेरिट लिस्ट.

आता मुद्द्याचं. आमच्या विंगमधला एक सीनियर एसएसबीतून रेकमेंड होऊन आला. मेडिकल फिट. विंगने त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. पण टी.ई.ची एक केटी राहिली होती आणि ती त्याही वेळी निघाली नाही. जाहिरातीतल्या तारखेपर्यंत सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट दाखवाव्याच लागतात. त्या नव्हत्या, त्यामुळे गाडी तिथेच थांबली. पाच दिवस एसएसबीत टिकलेला मुलगा एका पेपरने अडकला. त्या रात्री मेसला कुणी फारसं बोललं नाही.

मार्कशीट दाखवून आत गेलात तरी ट्रेनिंग सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांत डिग्री सर्टिफिकेट द्यावं लागतं. तोपर्यंत बाँड असतो. डिग्री आणता आली नाही, तर ट्रेनिंगचा खर्च वसूल होतो.

आणखी एक. जाहिरातीत ब्रँचची यादी असते. आपल्या डिग्रीवर छापलेलं नाव त्या यादीशी जुळतंय का, ते अर्ज भरण्याआधी तपासा. नव्या नावांच्या ब्रँचवाल्यांनी तर नक्कीच.

तयारीसाठी नाशिकरोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे आपल्या राज्यातल्या मुलांची तयारी मोफत करून घेतात.

आणि पैशाचं विचाराल, तर सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. पण नुसत्या पगारासाठी जाणार असाल, तर कॅम्पसच बरा!

तेव्हा मित्रांनो, सकाळी ग्राउंडवर पळा, रोज पेपर वाचा, आणि हो, ती केटी आधी काढा. जय हिंद!